दोन कॅलेंडरं आणि चंद्रावतीचा दिवस

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत. यंदाचे सहा महिने मी त्या दोघांच्या मध्ये उभा राहून काढले आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

डावीकडचं चंद्रावतीचं, म्हणजे माझ्या बायकोचं. पंचांगाचं. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की ती उंडे, आमचे गोल पाव, घ्यायला दारात जाते आणि परत येता येता त्या कॅलेंडरावर एक नजर टाकून जाहीर करते, "आयज शिवराक," किंवा "आयज नुस्तें." नुस्तें म्हणजे मासळी, शिवराक म्हणजे तिला सुट्टी. सोमवार शिवराक, गुरुवार शिवराक, एकादशी, संकष्टी, सगळा श्रावण, शिवाय देवळातलं काहीबाही असतंच. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण हा हिशेब माझ्या डोक्यात कधी शिरला नाही. ताटात काय पडलं त्यावरून मी वार ओळखतो.

उजवीकडचं माझं. आमची मुलगी गौरवी पुण्यात एका छापखान्यात डिझाइनचं काम करते. तिनं ते नव्या वर्षाला खास माझ्यासाठी करून पाठवलं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत दोन गोष्टी: जगात कुठंतरी त्या दिवशी कुठल्या पदार्थाचा दिवस पाळतात ते, आणि कुठला नावाजलेला सिनेदिग्दर्शक त्या दिवशी जन्मला ते. चीजचा दिवस असतो, बेदाण्यांचा असतो, चिप्स चटणीत बुडवून खाण्याचासुद्धा असतो. हे कोण ठरवतं देव जाणे.

मी सुभाष. पेडण्याच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ. एके काळी तालुक्यातली अर्धी पोरं माझ्या कॅमेऱ्यासमोर केक कापून मोठी झाली. आता मोबाइल आले, त्यामुळे कचेरीत अर्ज द्यायला आलेले लोक पासपोर्ट फोटोपुरते येतात तेवढेच. मला खरं तर दिग्दर्शक व्हायचं होतं. झालो नाही, म्हणून झालेल्यांचे वाढदिवस पाठ केले. आमचा सिनेमावेड्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, एकेचाळीस जणांचा. त्यावर रोज सकाळी सात वाजता मी टाकतो, आज अमक्याचा जन्मदिवस. लोक हात जोडतात, मला बरं वाटतं.

कॅलेंडर आल्यावर मला हुक्की आली की नुसतं नाव टाकून काय उपयोग, त्या दिवसाचा पदार्थही घरात झाला पाहिजे. चंद्रावती म्हणाली, "करात. पूण रांदण माजी, नेम माजे." इथूनच घोळाला सुरुवात झाली.

तेवीस मार्चला कुरोसावाचा जन्मदिवस. चौकटीतले चिप्स मी मोडीत काढले आणि ठरवलं की जपानी माणसाला मासळीशिवाय मान कसला. केरीच्या किनाऱ्यावर जाऊन ताजा इसवण, म्हणजे सुरमई, घेऊन आलो. घरात पाऊल टाकलं तर चंद्रावती कमरेवर हात ठेवून उभी.

"सोमारा नुस्तें? पिशें लागलां काय तुमकां?"

"अगो, कुरोसावाचा वाढदिवस."

"तो खंयच्याय वारा जल्मूं. माज्या रांदणीर सोमार तो सोमार."

इसवण शेजारी गेला आणि आम्ही मोड आलेल्या मुगाची गाठी खाल्ली. तीस एप्रिलला फाळके, बेदाण्यांचा दिवस आणि गुरुवार असं तिहेरी जुळून आलं, तेव्हा बेदाण्यांचा शिरा झाला आणि तिनंही हसत खाल्ला. तेवढाच एक दिवस सरळ गेला. बाकी रोज सकाळी मी एका भिंतीकडे बघायचो, मग दुसऱ्या, आणि शेवटी तिच्या तोंडाकडे.

असा मे संपला. चंद्रावतीला एक जूनला साठ पूर्ण होत होती. आधार कार्डावर, रेशन कार्डावर, मतदार यादीत, सगळीकडे तिची जन्मतारीख एक जून. आता हेही कबूल करून टाकतो की अडतीस वर्षांत मी तिचा वाढदिवस कधी केला नव्हता. आमच्या पिढीत बायकांचे कोण करायचे, असं म्हणून मी हात झटकायचो. पण यंदा रोज परक्या माणसांच्या नावानं शिरे आणि खिरी करताना मनात काहीतरी टोचायला लागलं. साठ वर्षांत तिला एकदाही कुणी पाटावर बसवून ओवाळलेलं नाही. यंदा ओवाळायचं, मी मनाशी पक्कं केलं.

एक जूनची चौकट बघितली: दुधाचा दिवस. त्यात सोमवार, म्हणजे शिवराकही जुळलं. मी उड्या मारायचा बाकी राहिलो. पहाटे उठून शेवयांची खीर केली, थोडी करपली, तरी केली. पाट मांडला, निरांजन लावलं आणि हाक मारली, "चंद्रावती, बस. वाढदिवस तुझा."

ती हात पुसत आली. पाटाकडे बघितलं, खिरीकडे बघितलं, आणि बसली नाही.

"ही तारीख माजी न्हय."

"म्हणजे?"

"ही मास्तरांची. शाळेंत घालतना बापायक दीस याद ना जालो, मास्तरांनी एक जून बरयलो. आमच्या वर्गांत सतरा जाणां एक जूनाचीं आसलीं."

मी निरांजन धरून तसाच उभा. सतरा पोरं एकाच दिवशी जन्मली, आणि तीही नेमकी शाळा उघडायच्या सुमाराला!

"आनी आयज धोंड्याचो म्हयनो चालू आसा," ती पुढं म्हणाली. "अधिक मासांत कोण कोणाक ओवाळटा?"

"मग खरी तारीख खंयची गो?"

तिनं निरांजन माझ्या हातातून घेऊन देवापुढं नेऊन ठेवलं. म्हणाली, "सोदून काडात. संवसारांतल्या सगळ्यांच्यो तुमकां तोंडपाठ आसात मू?"

ती हे रागानं बोलली असती तर परवडलं असतं. पण ती अगदी साध्या आवाजात बोलली.

त्याच दुपारी, आईकडून सगळं ऐकून, गौरवीचा फोन आला. "बाबा, मला या महिन्यात एकदाच रजा मिळेल, चार-पाच दिवस. मम्मीचा खरा दिवस शोधा आणि सांगा. चुकीच्या दिवशी येऊन मी काय करू?"

म्हणजे आता दिवस शोधायचा, तोही जून संपायच्या आत, आणि शोधायचा मी. बायकोला विचारावं तर ती देवघरात घंटा वाजवायला लागते.

पहिल्यांदा सखाराम भटांना गाठलं. ते आमच्या देवळातले पुजारी, माझ्याच वयाचे, पण बोलताना दीडशे वर्षांचे वाटतात. त्यांनी विचारलं, "तिथी खंयची? नक्षत्र खंयचें?" मी म्हटलं, तेच तर विचारायला आलोय. त्यांनी मग समजावलं की यंदा ज्येष्ठ दोन आहेत, एक अधिक, एक निज. अधिकातली एकादशी वेगळी, निजातली वेगळी. पौर्णिमा दोन, त्यातली एक पाळायची, एक सोडायची. मी वहीत लिहून घेतलं. घरी येऊन वाचलं तर मला माझंच अक्षर लागेना आणि लागलं तर अर्थ लागेना.

"तुमी सुर्ल्याक वचात," भट म्हणाले होते. "बायलमनशां खंयच्या दिसा कितें रांदलें तें विसरनात. ताज्यावेल्यान दीस गावता."

हे मला पटलं. आमच्याकडे लोक तारखा विसरतात, पण कुठल्या सणाला कुणाच्या घरी काय वाढलं ते पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवतात.

चंद्रावतीचं माहेर डिचोलीतलं सुर्ला. आईवडील कधीच गेले. तिथं आता तिची आत्या राहते, भाग्यलक्ष्मी, वय त्र्याहत्तर. चंद्रावती जन्मली तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि त्याच घरात होती. मी म्हापसा, डिचोली अशा बस बदलत सुर्ल्याला पोचलो तेव्हा खाणीच्या मातीचे ट्रक ओळीनं चालले होते आणि रस्त्याकडेच्या फणसाच्या पानांवर लाल थर बसला होता. आत्यानं धूळ येऊ नये म्हणून जनेल, म्हणजे खिडकी, लावून घेतली, मला पाणी दिलं आणि समोर बसली.

"चंद्रावती जल्मली तो दीस? याद आसा तर! वयनीन त्या दिसा सकाळसावन तोंडांत उदक घालूंक ना. कडक उपास. आनी हांव तेरा वर्सांचें चेडूं, परसांत बसून कापो पणस खातालें. इतलो गोड पणस मागीर केन्ना खावंक ना."

"पाऊस?"

"पावस येवंक नासलो. ढग आयिल्ले."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फणस, म्हणजे ज्येष्ठ. पाऊस यायच्या आधी, म्हणजे एक जूनच्या आसपास. मास्तर फार चुकले नव्हते. आणि पाण्याचा थेंब न घेता उपास! निर्जला एकादशी! भटांकडून वहीत लिहून घेतलेल्यातलं हे एकच नाव मला आठवत होतं.

"आत्या, मिळालं!" मी उठलोच.

"आयकात तरी, मागीर कितें जालें म्हणल्यार..."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. पुढची बस दीड तासानं होती. मी आत्याच्या पाया पडलो आणि धावत सुटलो. ती दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. मी हात हलवला.

निज ज्येष्ठातली निर्जला एकादशी पंचवीस जूनला, गुरुवारी. गौरवीला कळवलं. ती चोवीसला संध्याकाळी आली, सोमवारपर्यंतची रजा घेऊन. येताना आईसाठी फिकट जांभळी साडी घेऊन आली. मी ग्रुपवरसुद्धा सूचना टाकली की उद्या एक विशेष जन्मदिवस आहे, वाट पाहा.

एकादशीला सकाळी मी सगळं परत मांडलं. रताळ्याच्या फोडी, साबुदाण्याची खिचडी, पाट, रांगोळी. नऊ वाजता सखाराम भट येऊन बसले. मी स्वतःसुद्धा उपास धरला होता आणि चहाशिवाय डोकं ठणकत होतं. चंद्रावती आंघोळ करून आली. तिनं सगळं बघितलं, लेकीकडे बघून हसली, साडीवरून हात फिरवला.

"साडी बरी आसा गो. पूण आयज न्हय."

माझा तोल गेला. "आयज न्हय, आयज न्हय! मग केन्ना? तुला माहीत असेल तर सांगत का नाहीस? मी काय आता देवाकडे जाऊन विचारू? सुर्ल्यापर्यंत गेलो मी, तीन बस बदलून!"

भट उपरण्याशी चाळा करत बसले. गौरवी म्हणाली, "बाबा, हळू."

चंद्रावतीनं पाट उचलून भिंतीला टेकवला. "आत्याचो फोन आयिल्लो. तुमी तिचें पुराय आयकलेंच ना. उठून धांवले." मग म्हणाली, "तुमी कोणाचेंच पुराय आयकनात."

साबुदाण्याची खिचडी भटांनी खाल्ली. ग्रुपवर लोक विचारत राहिले की विशेष माणूस कोण. मी फोन बंद करून स्टुडिओत जाऊन बसलो. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर रागाच्या खाली भीती होती. ही बाई साठ वर्षांची झाली, मी तिच्याशेजारी अडतीस वर्षं जेवलो, आणि मला तिचा दिवस माहीत नाही. तिला तो माहीत आहे, आणि तिला तो मला सांगावासा वाटत नाही. हे असंच राहून गेलं तर?

सुर्ल्याला फोन लावून आत्याला विचारायचं दहादा मनात आलं. प्रत्येक वेळी लाज वाटली. म्हातारीचं बोलणं तोडून पळालेला जावई कुठल्या तोंडानं विचारणार?

शुक्रवार असाच गेला. शनिवारी चंद्रावतीनं बांगड्याचं हुमण केलं, ते आम्ही तिघांनी आपापल्या ताटाकडे बघत खाल्लं. रविवारी दुपारी गौरवी म्हणाली, "बाबा, दिवस नाही तर नाही. मम्मीचे जुने फोटो तरी द्या. मी तिच्यासाठी एक अल्बम करते. सोमवारी रात्रीच्या बसनं मी जाणार."

फोटो! मला हसूच आलं. माझ्याकडे सगळ्या पेडण्याचे फोटो होते, बायकोचे कुठून असणार? मी कधी काढले होते? तरी दोघं स्टुडिओत गेलो. मागच्या खोलीत लोखंडी कपाटात पाकिटं आहेत, वर्षावार लावलेली. एक सवय मात्र मला पहिल्यापासून आहे: पाकिटाच्या पाठीवर तारीख आणि प्रसंग लिहिल्याशिवाय मी ते कपाटात ठेवत नाही.

गौरवी एकेक पाकीट उघडत होती. "ही बघा मम्मी. एकटी." थोड्या वेळानं, "ही पण." मग, "बाबा, ही पण एकटीच."

टेबलावर एक, दोन, सात, अकरा फोटो झाले. प्रत्येकात चंद्रावती एकटी उभी. हिरवी साडी, मग लाल, मग चॉकलेटी. केसांत अबोलीचा वळेसार. एका फोटोत पोट पुढं आलेलं, गौरवी पोटात होती. पुढं केस पिकत गेलेले, चष्मा आलेला. हे मी काढले होते? कधी? मी तारखा बघायला लागलो तर आणखीच गोंधळलो. पहिला जूनच्या सुरुवातीचा, दुसरा जूनच्या मध्यावरचा, तिसरा अगदी जून संपतानाचा. एका वर्षाची तारीख दुसऱ्या वर्षाशी जुळेल तर शपथ.

"प्रसंग वाचा ना," गौरवी म्हणाली.

मी चष्मा पुसला. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: वटपुनव, वडाकडे. दुसऱ्यावर: वटपुनव. तिसऱ्यावर: वटपुनव.

वटपौर्णिमेला आमच्या देवळाच्या वडाकडे बायका पूजेला जमतात. मी दर वर्षी जायचो, कारण प्रत्येकीला फोटो हवा असायचा. तो माझा धंद्याचा दिवस. आणि दर वर्षी सगळ्यांचे फोटो झाले, कॅमेरा पिशवीत घालायला लागलो की चंद्रावती पुढं यायची. "एक माजो काडात. एकटीचो." मी करवादायचो. घरच्याच माणसावर रीळ कशाला घालवायचं, असं मला वाटायचं. पण ती त्या एका बाबतीत ऐकायची नाही. कुठं उभं राहायचं तेही तीच ठरवायची: वडाच्या उजव्या अंगाला, पारंबीजवळ. बाकीचं वर्षभर तिनं कधी फोटो मागितला नाही. गौरवीच्या बारशात नाही, माझ्या भाचीच्या लग्नात नाही.

मी खुर्चीत बसलो. वटपौर्णिमा, म्हणजे नवऱ्यासाठी धरलेला कडक उपास. सुपात वाण म्हणून पाच फळं, त्यात फणसाचे गरे. आणि ही येते ज्येष्ठात. आत्याची ती उपाशी वयनी, म्हणजे चंद्रावतीची आई, एकादशी करत नव्हती.

सुर्ल्याला फोन लावला. या वेळी आत्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वयनी वड पुजून आली, सूप खाली ठेवलं आणि तिला कळा सुरू झाल्या. सुईण यायच्या आधीच मूल जन्मलं. वयनीनं उपास सोडला नाही, दुसऱ्या दिवशी पेज घेतली. सुपातले गरे घरातल्या पोरीनं, म्हणजे आत्यानं, खाऊन टाकले. "तेंच सांगतालें हांव, जांवय," आत्या म्हणाली.

पस्तीस फोटो मिळाले. तीन वर्षांचे पावसाळी ओलीनं खाल्ले होते. त्या रविवारी मी ते पस्तीसही ओळीनं लावले आणि पुन्हा पुन्हा बघत राहिलो. पस्तीस वाढदिवस. एकाही वाढदिवसाला तिच्या पोटात अन्न नव्हतं, आणि तेही माझ्या आयुष्यासाठी.

डाव्या कॅलेंडरात निज ज्येष्ठ पौर्णिमा एकोणतीस जूनला होती. म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

सोमवारी सकाळी सात वाजता मी ग्रुपवर टाकलं: आज चंद्रावतीबाईंचा जन्मदिवस. लगेच एकानं विचारलं, कुठल्या देशाच्या? दुसऱ्यानं विचारलं, त्यांचे सिनेमे कुठं बघायला मिळतील? मी फोन खिशात टाकला. त्या दिवशी मी चहासुद्धा घेतला नाही.

चंद्रावती सूप घेऊन वडाकडे निघाली, तेव्हा तिनं ती फिकट जांभळी साडी नेसली होती. मी आणि गौरवी मागून गेलो. हल्ली बायका मोबाइलवर आपापले फोटो काढतात, माझी तिथं कुणाला गरज नसते. मी जुना कॅमेरा गळ्यात घालून बाजूला उभा राहिलो. पूजा झाली, सूत गुंडाळून झालं, बायका पांगल्या. चंद्रावती वडाच्या उजव्या अंगाला, पारंबीजवळ जाऊन उभी राहिली आणि पदर सारखा केला.

"एक माजो काडात," ती म्हणाली.

मी कॅमेरा काढून गौरवीच्या हातात दिला. गौरवीनं पिशवीतून आणलेलं ताम्हण घेतलं, निरांजन लावलं. वाऱ्यानं ते दोनदा विझलं, तिसऱ्यांदा लागलं. मी बायकोला ओवाळलं. चार बायका थांबून बघायला लागल्या, कारण त्या दिवशी त्या झाडाखाली असलं उलटं कुणी केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. सुपातला फणसाचा एक गरा उचलून मी तिच्या तोंडापाशी नेला. फळ चालतं की नाही ते मला ठाऊक नव्हतं. तिनं तोंड उघडलं.

"सापडलो मगे दीस," गरा चावत ती म्हणाली.

"अडतीस वर्षं!" मी म्हटलं. "एकदा तरी सांगायचं होतंस."

"सांगिल्लें."

"केव्हा?"

"लग्नाच्या पयल्याच वर्सा. ह्याच जाग्यार. तुमी कॅमेऱ्यांत पळयताले. हांवें म्हळें, आयज माजो जल्मदीस."

"मग मी काय म्हटलं?"

"हालू नको म्हळें."

मला तो दिवस आठवेना, ते वाक्य आठवेना. आठवत होता तो फक्त फोटो, हिरव्या साडीतला, त्यात ती ओठ मिटून अगदी स्थिर उभी आहे.

"फोटो बरो आयलो," चंद्रावती म्हणाली. "म्हणून मागीर दर वर्सा काडून घेतलो." मग तिनं माझी बाही धरली आणि मला पारंबीकडे ओढून आपल्या शेजारी उभं केलं. "आयज तुमीय येयात."

समोर गौरवीनं कॅमेरा डोळ्याला लावला. "बाबा, हलू नका हं," ती म्हणाली.

फोटो हललेला आला आहे. चंद्रावती व्यवस्थित दिसते, चष्म्यावर वडाच्या पानाची सावली पडलेलीसुद्धा दिसते. तिच्या शेजारचा माणूस मात्र नुसता पुसट झाला आहे. गौरवी म्हणाली, मी दुसराही काढलाय, तो चांगला आलाय. आम्ही हाच मोठा करून घेतला, आणि स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरांच्या मध्ये जी जागा होती तिथं लावला.